डोंगरउतारावरचं घर: पाणी जिरवू नका, वाट काढून द्या

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या भिंतींपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे रंगवलेलं असतं. त्यामुळे उतारावर आडवे चर खणले की चांगलंच होणार, असं आपण धरून चालतो. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार अशा गावांत ते खरंही ठरलं. पण तिथला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, नाहीतर त्याहूनही कमी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात तो तीन हजारांच्या आगेमागे असतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. इथे घराच्या वरच्या अंगाला पाणी मुरवलं, तर आपल्याच डोक्यावरची माती जड आणि ढिली होते. जिरवायचं असेल त्याने घराच्या खालच्या अंगाला, बागेत, मळ्यात खुशाल जिरवावं. घरामागच्या उतारावरचं पाणी मात्र अडवायचं नाही. ते वळवायचं, घरापासून लांब न्यायचं आणि ओहोळाला लावून द्यायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

हा लेख कोकणातल्या नेहमीच्या घराचा आहे. मागे डोंगर, जेसीबीने कापून काढलेली सपाटी, समोर अंगण आणि खाली रस्ता किंवा शेत. सह्याद्रीच्या कुशीत भोर, मुळशी, आजरा, चंदगडकडे किंवा गोव्यात घर असेल, तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

खर्च करण्याआधी: हे आपल्या आवाक्यातलं आहे का?

दोन गोष्टींत फरक करायला हवा. पावसाने वरची माती धुपून जाते, दरडीचे लहान-मोठे लगदे सुटतात, अंगणात चिखल येतो. हे घरमालकाला, गवंडी आणि चार माणसं हाताशी घेऊन सावरता येतं. अख्खा उतार खोलवरून सुटतो ते वेगळं. महाड तालुक्यात २००५ साली जुई-दासगावला, आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीणला, २२ जुलै २०२१ रोजी तळियेला आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीला जे झालं, ते कोणत्याही गटाराने किंवा गडग्याने थांबलं नसतं. या चारही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. दीड महिना पाऊस पिऊन डोंगर तुडुंब झालेला असतो आणि त्यावर एक-दोन दिवसांची मुसळधार बसते. हे वेळापत्रक लक्षात ठेवा.

म्हणून आधी घराच्या वरचा उतार चढून जा, शक्यतो कापलेल्या दरडीच्या पार पुढे, निदान शंभर-दीडशे मीटर. काय बघायचं? जमिनीत चंद्रकोरीसारखी वळलेली भेग. भेगेच्या खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा खचलेली. बुंध्यापासून एकाच दिशेला कललेली झाडं, विजेचे खांब, कुंपण. उताराच्या पायथ्याशी फुगवटा. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणं किंवा अचानक आटणं. घरात आपलं आपण दार अडकायला लागणं, जोत्याला तिरकी भेग जाणं. यातलं एकही दिसलं तर गवंड्याला बोलावू नका. तहसीलदार कार्यालयात लेखी अर्ज द्या, भूवैज्ञानिकाकडून पाहणीची मागणी करा आणि पावसाळ्यात तिथे झोपू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे केलेले आहेत आणि ते ‘भूकोश’ या त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतात. त्यांचं प्रमाण मोठ्या भागांसाठीचं आहे, आपल्या परड्याचा निवाडा त्यावरून करता येत नाही. पण आपला डोंगर कोणत्या रंगात येतो एवढं कळलं तरी पुष्कळ.

असं काही दिसत नसेल तर पुढे चला.

जुलैमध्ये छत्री घेऊन फिरायचं

बहुतेक जण हे काम एप्रिलमध्ये सुरू करतात, कारण तेव्हा माणसं मोकळी असतात. एप्रिलमध्ये पाणी कुठून येतं ते मात्र दिसत नाही. जुलैच्या भर पावसात, तास-दीड तास झोडपून झालेलं असताना घराभोवती फिरा. खिशात फोन असतोच, फोटो काढत राहा. वरून पाणी नेमकं कुठे एकवटतं, दरडीच्या कोणत्या जागी ते काठावरून खाली पडतं, अंगणात कुठे तुंबतं, पागोळ्यांचं पाणी जोत्याकडे परत येतं का, हे बघा. रंगही बघा. लाल पाणी म्हणजे माती चालली. स्वच्छ पाणी दरडीच्या मधूनच पाझरत असेल तर तो जमिनीच्या आतला झरा, त्याचा बंदोबस्त वेगळा.

पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पुन्हा एक फेरी मारा. तेव्हाही जिथून पाणी वाहतंय ते पृष्ठभागावरचं नाही. या जागांवर रंगवलेल्या खुंट्या ठोकून ठेवा, दिवाळीनंतर गवत वाळलं की त्याच उपयोगी पडतात.

मग कामाची वर्षभराची मांडणी अशी: जुलैत निरीक्षण, दिवाळीनंतर आखणी, जानेवारी ते मेच्या मध्यापर्यंत खोदकाम आणि बांधकाम, मृगाचा पाऊस स्थिरावला की लागवड. खोदकाम मेच्या शेवटपर्यंत लांबवलं की अर्धवट उघडी माती पहिल्या पावसात सापडते, आणि ते काहीच न केल्यापेक्षा वाईट. माती-मुरूम गौण खनिजात मोडतो, तेव्हा मोठं खोदकाम असेल तर ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे आधी विचारून घ्या.

किती पाणी येणार, याचा हिशेब

सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. कोकणात तासाला १०० मिमी पाऊस रोज पडत नाही, पण पडतो, आणि गटार त्या दिवसासाठीच बांधायचं असतं.

बाराशे चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. त्यावरून अशा तासात ११ हजार लिटर पाणी खाली येतं, सेकंदाला तीन लिटर. घराच्या मागे पाणी आपल्याकडे उतरवणारा डोंगर दहा गुंठे धरला, तर ते हजार चौरस मीटर. भिजलेल्या उतारावरून सत्तर टक्के पाणी वाहून येतं असं मानलं, तर तासाला सत्तर हजार लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास वीस लिटर.

आता गटाराचं बघू. एक फूट रुंद, एक फूट खोल, दगडी किंवा चिऱ्याचं गटार, शंभर फुटांत एक फूट उतार दिला तर सेकंदाला साठ लिटरच्या आसपास पाणी नेतं. म्हणजे गरजेच्या तिप्पट. ही तिप्पट चैन नव्हे, कारण आंब्या-फणसाचा पाला आणि गाळ त्यातली निम्मी जागा खाणारच. उलट चार इंची पीव्हीसी पाइप त्याच उताराला तुडुंब भरून वाहिला तरी सहा-सात लिटरच नेतो, आणि फणसाची दोन पानं तोंडाशी आडवी बसली की तेही नाही. म्हणून डोंगराच्या पाण्यासाठी पाइप टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वरचं पाणी उघड्या गटारातून. पाइप फक्त छपराच्या पाण्याला आणि जमिनीच्या आतल्या झऱ्याला.

आपला डोंगर वीस-तीस गुंठ्यांचा असेल तर गटार त्या प्रमाणात मोठं करा. एकरभराच्या पुढे जात असेल तर अभियंत्याकडून मोजून घ्या.

सुरुवात घरापासून, डोंगरापासून नाही

स्वस्त आणि हमखास लागू पडणारं काम आधी. छपराला पन्हळ लावा. कौलारू घरांना पन्हळ लावायची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. पागोळ्या सरळ मातीत पडतात, जोत्याच्या कडेने चर पडतो आणि तेच पाणी पायात मुरतं. मागच्या बाजूला, म्हणजे डोंगर आणि घर यांच्यामधल्या अरुंद बोळात, हे सगळ्यात घातक. तिथे पन्हळ नसेल तर निदान पागोळीखाली फूटभर रुंद, फूटभर खोल पट्टा खडीने भरा आणि त्याला एका बाजूला उतार द्या.

जोत्यालगतची पहिली दहा फूट जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती हवी. दहा फुटांत अडीच इंच पुरेत. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जी प्रत्येक गवंड्याकडे असते, ती घेऊन स्वतः तपासा. डोळ्याला सपाट दिसणारं अंगण बऱ्याचदा घराकडेच कललेलं निघतं, विशेषतः कोबा दोन-तीनदा वरून घातलेला असेल तर.

आणखी तीन चोर शोधा. वरच्या उतारावर ठेवलेली, गळणारी पाण्याची टाकी. नळपाणी योजनेचा ठिबकणारा जोड. आणि शोषखड्डा. संडास-न्हाणीचं पाणी दरडीच्या माथ्याकडे नेऊन जिरवणारी घरं मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहेत. मागे जागा मोकळी असते म्हणून तसं केलं जातं. हे पाणी बारमाही असतं, उन्हाळ्यातही दरड ओली ठेवतं. शोषखड्डा घराच्या खालच्या बाजूला, विहिरीपासून योग्य अंतर सांभाळून हलवा. नारळ-पोफळीची आळी दरडीच्या माथ्यावर असतील तर तिथली ठिबक बंद करा. नवी झाडं तरी तिथे लावूच नका.

वळण चर: सगळ्यात महत्त्वाचं काम

डोंगरावरून येणारं पाणी दरडीच्या काठाशी पोचायच्या आधीच आडवं धरून बाजूला न्यायचं, हे वळण चराचं काम. समतल चराशी त्याची गल्लत करू नका. समतल चर पाणी थांबवतो, वळण चर त्याला चालतं ठेवतो. फरक फक्त उताराचा आणि तो हातात नळी असल्याशिवाय दिसत नाही.

जागा: कापलेल्या दरडीच्या काठापासून मागे निदान आठ-दहा फूट. अगदी काठाला चर मारला तर त्यातून मुरणारं पाणी दरडीलाच फोडतं. काठापासून इतकं मागे सरकायला आपली हद्द पुरत नसेल, तर वरच्या शेजाऱ्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही. दिवाळीच्या फराळाला बोलावून विषय काढलेला बरा.

आखणी: चुन्याने रेषा मारा. शंभर फुटांना एक फूट उतार, भूगोल आडवा आला तर दोन फुटांपर्यंत. त्याहून कमी दिलात तर गाळ बसतो, मातीच्या चराला जास्त दिलात तर पाणी तळ खात जातं. चर सरळ काटकोनात वळवू नका. पाण्याला काटकोन कळत नाही, ते सरळ उडी मारून बाहेर पडतं. वळण मोठं, ऐसपैस द्या आणि वळणाची बाहेरची भिंत अर्धा फूट उंच घ्या.

अस्तर: चर कातळात असेल तर काही करायला नको. लाल मातीत असेल तर तळाला आणि बाजूंना जांभ्याचे चिरे किंवा काळे दगड सिमेंटमध्ये बसवा. वरच्या बाजूची भिंत जमिनीच्या पातळीच्या वर येऊ देऊ नका. हे सांगावं लागतं, कारण गवंडी हौसेने दोन्ही बाजू सारख्या उचलतो आणि मग डोंगराचं पाणी चरात पडायच्या ऐवजी भिंतीमागून समांतर धावतं. खोदलेली माती खालच्या बाजूला ठोकून लहानसा वरंबा करा, पण ढीग नको. दरडीच्या माथ्यावर जादा वजन आपल्याला नकोच आहे.

शेवट: चराचं तोंड कुठे सोडायचं, यावर सगळं यश अवलंबून आहे. ते नैसर्गिक ओहोळात, पऱ्यात किंवा रस्त्याच्या पक्क्या गटारात जायला हवं. शेजाऱ्याच्या काजूत नव्हे. तीव्र उतारावरून खाली उतरवताना पायऱ्या बांधा, दर पायरी फूट-दीड फूट, म्हणजे पाण्याचा जोर पायरी-पायरीवर मोडतो. तळाशी, जिथे पाणी बांधकाम सोडून मातीला लागतं, तिथे डोक्याएवढे मोठे दगड दोन थरांत पसरा. हे शेवटचे दगड टाळले की पहिल्याच पावसात तिथे खड्डा पडतो, मग त्याच्या वरची पायरी पडते आणि घळ खालून वर चढत येते.

कापलेली दरड: जांभ्याची फसगत

कोकणातली कापलेली दरड फसवी असते. वर जांभ्याचं कडक टोपण असतं, हवा लागली की ते आणखी कडक होतं, म्हणून उभं कापलं तरी वर्षानुवर्षं उभं राहतं. जेसीबीवाला तेच दाखवून म्हणतो, ‘भाऊ, हा कातळ आहे, काय होत नाय.’ पण या टोपणाखाली अनेक ठिकाणी पांढरट, पिवळट किंवा गुलाबी मातीचा थर असतो. ओला झाला की तो हाताला साबणासारखा लागतो. वरच्या जांभ्याला भेगा-भोकं असतात, त्यातून पाणी झरझर खाली जातं, या मातीपाशी अडतं आणि आडवं वाहत दरडीतून बाहेर येतं. माती मऊ होऊन सुटते, वरचा कडक भाग लोंबकळत राहतो आणि एके दिवशी सगळाच खाली येतो. दरडीच्या तोंडाकडे बघून रंगांचे थर ओळखा. जिथे लाल संपून पांढरट-गुलाबी सुरू होतं, ती रेषा घराच्या जोत्याच्या वर असेल तर दरड उभी ठेवू नका.

पाच-सहा फुटांपेक्षा उंच मातीची दरड टप्प्यांत कापावी. दर सहा फूट उंचीला निदान तीन फूट रुंद टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याचं तोंड उभं न ठेवता मागे कललेलं, जितकी उंची तितकंच मागे. टप्प्याच्या आतल्या कडेला अस्तर केलेलं छोटं गटार घ्या, नाहीतर तो टप्पा पाणी साचवणारं ताट होतो. कापणी नेहमी वरून खाली. पायथ्याशी खोदून वरचा भाग ‘आपोआप पाडायचा’ ही पद्धत माणसं मारते. घराला जागा वाढवायची म्हणून पायथा दोन फूट आणखी खरवडणं हेही तसलंच. पायथ्याची माती ही वरच्या सगळ्या उताराचा आधार असते.

दरड आणि घर यांच्यामध्ये अंतर किती असावं? जास्तीत जास्त. दरडीच्या उंचीइतकं मिळालं तर उत्तम. नव्याने घर बांधणार असाल तर दोन खोल्या कमी करा, पण हे अंतर ठेवा. आणि झोपायच्या खोल्या दरीच्या बाजूला घ्या. स्वयंपाकघर, कोठार, न्हाणी मागे.

गडगा की काँक्रीटची भिंत?

चार फुटांपर्यंत मला गडगाच पसंत आहे. सुक्या दगडांचा, सिमेंटविना. पाणी त्यातून वाटेल तिथून निघून जातं, जमीन थोडी हलली तरी तो फुटत नाही, फार तर पोट काढतो आणि आपल्याला सूचना देतो. जुन्या माणसांनी याच हिशेबाने कलमांच्या बागा राखल्या. पाया टणक जमिनीपर्यंत, फूटभर तरी खोल आणि आतल्या बाजूला किंचित कललेला. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी किंवा जास्त. भिंत डोंगराकडे टेकलेली दिसली पाहिजे. अधूनमधून लांब दगड आडवे आत घुसवलेले हवेत. तोंडाशी सुबक दगड आणि पोटात माती भरली तर तो गडगा नाही, मातीचा ढीग आहे. मागे फूटभर जाडीची दगड-खडीची भर, माती त्याच्या मागे.

पाच फुटांच्या वर गेलात, किंवा भिंतीच्या वर रस्ता, टाकी, दुसरं घर असेल, तर अभियंत्याकडून आराखडा करून घ्या. ‘आपण अशा पन्नास बांधल्यात’ म्हणणाऱ्या ठेकेदाराचं उत्तर पुरेसं नाही. भिंती पडतात त्या बहुधा मातीच्या वजनाने नव्हे, पाण्याच्या. सहा फुटी भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबलं, तर दर मीटर लांबीवर एकट्या पाण्याचा रेटा दीड टनाहून जास्त असतो. माती वेगळी. म्हणून सिमेंटच्या भिंतीला पाणी काढणारी भोकं हवीतच. तीन-चार इंची पाइपचे तुकडे, बाहेरच्या बाजूला उतरते, चार-पाच फुटांवर एक, वरच्या ओळीतले खालच्या ओळीच्या मधोमध. सगळ्यात खालची ओळ जमिनीच्या अगदी लगत. आतल्या तोंडाशी जाळी आणि मोठी खडी, नाहीतर मातीने दोन वर्षांत बंद होतात. भिंत बांधून झाल्यावर गिलावा करताना ही भोकं लिंपली जातात. रंगाऱ्यावर लक्ष ठेवा.

जिथे ओहोळ शेजारून वाहतो आणि काठ खातो, तिथे तारेच्या जाळीत दगड भरलेली गॅबियनची भिंत बरी. दगड जाळीच्या भोकांपेक्षा मोठे हवेत, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

आतून येणारं पाणी

जुलैत खुंट्या मारलेल्या झऱ्यांच्या जागा आता उपयोगी येतात. तोंडाशी सिमेंट थापून झरा बंद करायला जाऊ नका. तो दुसरीकडून फुटेल, बहुतेक स्वयंपाकघराच्या लादीखालून. त्याला खडीचा चर द्या: दीड फूट रुंद, दोन-तीन फूट खोल, उतार शंभराला एक. तळाशी आणि बाजूंना न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर थोडी खडी, मग भोकांचा चार इंची पाइप भोकं खालच्या बाजूला करून, वर पुन्हा दोन-चार सेंटिमीटर आकाराची खडी, आणि कापड वरून मिटून घ्या. कापड टाळलं तर चिकणमाती खडीत शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत चर मुका होतो. पाइपचं बाहेरचं तोंड उघड्यावर, दिसेल असं ठेवा. पावसाळ्यात त्यातून स्वच्छ पाणी येत राहिलं की ठीक. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय.

एक सावधगिरी. दरडीच्या पायथ्याशी लांबच लांब चर एकदम खणून उघडा ठेवू नका. आठ-दहा फूट खणा, भरा, मग पुढचा तुकडा. आणि हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन कोरडी असताना.

गवत, वाळा, झुडपं

पाण्याची वाट झाल्याशिवाय लागवड करू नका, रोपं वाहून जातात. ती झाल्यावर मात्र लागवडीइतकं स्वस्त काही नाही.

पहिलं काम म्हणजे काही न करणं. उतार बेणायचा नाही, जाळायचा नाही, तणनाशक मारायचं नाही. कलमांखाली ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून दरवर्षी तणनाशक मारलेल्या बागांमधून जूनमध्ये लाल पाणी वाहताना बघा, म्हणजे पटेल. कोकणातली जमीन मोकळी सोडली तर दोन पावसांत स्वतःला झाकून घेते.

जिथे ताजी कापलेली माती आहे तिथे वाळा. मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, आणि ओळ घट्ट झाली की माती गाळून धरते. फुटवे वेगळे करून पाती वीतभर ठेवून छाटा, मुळं दोन-तीन इंच ठेवा. उताराला आडव्या ओळीत चार-सहा इंचांवर एकेक लावा. इथे कंजूषपणा केला तर ओळ कधीच बंद होत नाही. दोन ओळींमध्ये तीन-चार फूट उंचीचा फरक. आर्द्रा नक्षत्राच्या सुमाराला लावला तर पाणी घालावं लागत नाही. पहिलं वर्षभर गुरांपासून जपा, मेलेले फुटवे पुढच्या जूनला भरा. वाळ्याला ऊन लागतं, फणसाच्या गर्द सावलीत तो बसत नाही. आणि घरात माठात टाकायला मुळं हवीत म्हणून उतारावरचा वाळा उपटायचा नाही. त्यासाठी बागेत चार ठोंब वेगळे लावा.

मधल्या जागेत निर्गुडी, करवंद, अडुळसा, घायपात. ओल्या पायथ्याला कर्दळ. सावलीत जे नेचे आणि झुडपं आपोआप येतात तीच राहू द्या. तीव्र उतारावर काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या खुंट्यांनी घट्ट बसवा. ती दोन-तीन वर्षांत कुजते, तोवर गवत धरलेलं असतं. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे, खाली पोकळी राहिली तर पाणी तिच्याखालून वाट काढतं. जाळी परवडत नसेल तर पेंढा आणि झावळ्या आडव्या घालून खुंट्या मारा.

बांबूबद्दल थोडा गैरसमज आहे. माणगा लावला की डोंगर बांधला गेला, असं नाही. त्याची मुळं दाट पण उथळ असतात, वरची फूट-दोन फूट माती छान धरतात. बेट मोठं झालं की वजन आणि वाऱ्याचा हिसका दोन्ही वाढतात. ओहोळाच्या काठाला, उताराच्या पायथ्याला, हद्दीला लावा. कापलेल्या दरडीच्या काठावर नको.

दरडीजवळचं मोठं झाड तोडावं का? धोकादायक कललेलं, मुळं उघडी पडलेलं असेल तर परवानगी घेऊन फांद्या उतरवा, वजन कमी करा. सरसकट तोडलं तर पहिल्या वर्षी काही होत नाही. मुळं दोन-चार वर्षांत कुजली की माती सुटते, आणि तोपर्यंत झाड तोडल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं.

आगोटीची कामं आणि पाऊस सुरू झाल्यावर

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, फणस-काजूच्या गडबडीत, एक दिवस गटारांसाठी काढा. पाला, गाळ उपसा. भिंतीच्या भोकांत काठी घालून बघा. पाइपची तोंडं साफ करा. दरडीच्या माथ्यावर बारीक भेग असेल तर चिकणमातीने ठोकून भरा, म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी मारून मधलं अंतर भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. हा आकडा वाढला तर वाद संपला. दर वर्षी त्याच जागेवरून दरडीचा एक फोटो घ्या.

पाऊस सुरू झाल्यावर पहिली तीन-चार मोठी झोडपणी महत्त्वाची. प्रत्येक सरीनंतर गटाराची फेरी मारा, उजेड असताना आणि दरडीखाली न थांबता. मध्येच लगदा आला तर तो लगेच उपसायची घाई करू नका. वरून आणखी यायचं असतं, आणि आलेली माती पायथ्याला थोडा आधारही देत असते. पाणी मात्र तिच्या मागे तुंबू देऊ नका. उघड्या जखमेवर तात्पुरती ताडपत्री टाकली तर वरची कड चरात गाडून टाका, नुसते दगड ठेवून भागत नाही. ताडपत्रीवरून निसटणारं पाणी कुठे जाणार, तेही आधीच ठरवा.

अंगणात सरळ बाजूंचा एखादा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने पाणी मोजून ओता. हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत २०४.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’. तुमच्या डब्यात आठवडाभर रोज चार-पाच इंच येत असेल आणि त्यावर एखाद्या दिवशी आठ इंच आलं, तर त्या रात्री मागच्या खोल्यांत कोणी झोपायचं नाही. वर सांगितलेली भेग, फुगवटा, गढूळ झरा यांपैकी काही दिसलं, किंवा डोंगरातून दगड घरंगळल्याचे, मुळं तुटल्याचे आवाज यायला लागले, तर घरातच थांबायचं नाही. कागदपत्रांची पिशवी, औषधं, बॅटरी जूनपासून दाराशी भरून ठेवलेली असावी. ओहोळाच्या वाटेने खाली न जाता आडवं, उताराच्या बाजूला निघा आणि शेजारच्या घरांना हाका मारत जा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, पोलिसांसह सगळ्या तातडीच्या मदतीसाठी ११२. दोन्ही क्रमांक दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण अशा रात्री फोनची बॅटरी आणि आठवण दोन्ही दगा देतात, आणि शेजाऱ्याच्या फोनवरूनही ते लावता आले पाहिजेत.